चढाईचे व्यूह : अमेरिकन फुटबॉलचें एक अंग

‘फुटबॉल’ हा शब्द कानीं पडला कीं महाराष्ट्रांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें पायानें टोलवला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत मात्र हाच शब्द उच्चारला असतां अगदीं निराळा खेळ समजला जातो. तेथील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातांत असतो आणि पायाचा स्पर्श त्याला क्वचितच घडतो. असें असूनहि नांव ‘फुटबॉल’च कां राहिलें, याचा उलगडा करावयाचा तर इंग्लंडांतील रग्बी खेळाच्या इतिहासापर्यंत जावें लागेल. तें बाजूस ठेवून एकाच प्रश्नाकडे वळणें सोयीचें होईल. जे संघ हा खेळ पोटापाण्याचा धंदा म्हणून खेळतात, ते चढाई करतांना एकमेकांपासून इतके भिन्न कां दिसतात? एक संघ जमिनीवरून रेटारेटी करीत जातो. दुसरा जणूं आकाशांतून जातो. तिसरा तर चेंडू कोणाच्या हातांत आहे हेंच कळूं देत नाहीं. नियम तर सर्वांना सारखेच आहेत.

प्रथम खेळाचा सांगाडा ध्यानांत घ्यावयास हवा. मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित् अधिक रुंद असतें. दोन्ही टोकांस दहा-दहा यार्डांची एकेक पट्टी असते. प्रत्येक बाजूस ११ गडी. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला चार खेपा मिळतात, आणि त्या चार खेपांत मिळून दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकला तर पुन्हां चार खेपा; न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या पट्टींत शिरलें, किंवा त्या पट्टींत तो झेलला, कीं ६ गुण. लाथेनें उंच खांबांच्या मधून धाडला तर ३. यांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रत्येक खेपेनंतर खेळ थांबतो. चेंडूवाला गडी पाडला गेला कीं शिटी वाजते, सर्वजण उठतात, गोळा होतात, पुढला डाव ठरवितात आणि पुन्हां रांगेंत उभे राहतात. हुतूतूंत अशी उसंत नाहीं, वाटोळ्या चेंडूच्या फुटबॉलांतहि नाहीं. ही उसंत आहे म्हणूनच या धसमुसळ्या खेळांत बुद्धिबळाप्रमाणें आधीं आंखलेल्या व्यूहांना जागा मिळाली.

चढाई करणाऱ्या ११ जणांपैकीं निदान सात जणांनीं चेंडूच्या रेषेवर उभें राहिलें पाहिजे. त्यांतले मधले पांच जण भीमकाय असतात. पुढें फेंकलेला चेंडू त्यांनीं झेलावयाचा नाहीं. त्यांचें काम प्रतिपक्षाला अंगानें अडविण्याचें. अगदीं मधला गडी आपल्या दोन्ही पायांमधून चेंडू मागें देतो. तो बहुधा ज्याच्या हातीं जातो तो क्वार्टरबॅक. हा या नाटकाचा सूत्रधार. तो चेंडू दुसऱ्याच्या हातीं देईल, स्वतः घेऊन पळेल, किंवा पुढें धांवत गेलेल्या एखाद्या साथीदाराकडे फेंकील. हें पुढें फेंकणें १९०६ सालीं प्रथम नियमांत बसलें. त्यापूर्वीं सगळाच मामला रेटारेटीचा होता.

या सर्व पद्धतींच्या मुळाशीं एक लहानसा अंकगणिताचा प्रश्न आहे. दोन्हीकडे अकरा अकरा गडी. चढाईच्या बाजूचा एक जण चेंडू घेऊन धांवणार, उरले दहा. हे दहा जण प्रतिपक्षाच्या दहांना अडवितील, पण अकरावा मोकळा राहील आणि तोच धांवणाऱ्याला धरील. शिवाय क्वार्टरबॅकनें चेंडू दुसऱ्याच्या हातीं देऊन आपण बाजूला उभें राहावयाचें ठरविलें, तर अडविणारे नऊच उरतात आणि प्रतिपक्षाचे दोघे मोकळे सुटतात. या एका-दोघांचें काय करावयाचें, याचीं निरनिराळीं उत्तरें म्हणजेच चढाईच्या निरनिराळ्या पद्धती, असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं.

पहिलें उत्तर सरळ होतें : कोणालाहि रिकामें उभें ठेवूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉप वॉर्नर या शिक्षकानें ‘सिंगल विंग’ नांवाचा व्यूह रूढ केला. त्यांत चेंडू थेट चार-पांच यार्ड मागें उभ्या असलेल्या गड्याकडे जाई आणि बहुधा तोच धांवे. रेषेची एक बाजू मुद्दाम जड ठेवीत, आणि बाकीचे जण त्या बाजूनें भिंतीसारखे त्याच्यापुढें चालत. वॉर्नर हा पेनसिल्व्हेनियांतील कार्लाइल येथें, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं सरकारनें काढलेल्या शाळेंत शिकवीत असे. मुलांना त्यांची भाषा आणि चालीरीति विसरावयास लावणें हा त्या शाळेचा हेतु होता, हें सांगितल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे. तीं मुलें मोठमोठ्या महाविद्यालयांच्या गड्यांपेक्षां वजनानें हलकीं असत. म्हणून बळाची उणीव युक्तीनें भरून काढणें भाग होतें. १९१२ सालीं कार्लाइलनें वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा २७-६ असा पराभव केला. त्या पराभूत संघांत ड्वाइट आयझेनहॉवर नांवाचा एक तरुण होता. तोच पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

धंदेवाईक संघांची संघटना १९२० सालीं ओहायोतील कँटन या गांवीं निघाली आणि १९२२ पासून तिला ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हें नांव मिळालें. तेथेंहि प्रथम सिंगल विंगचेंच राज्य होतें. १९३३ सालीं एक नियम बदलला. तोंवर पुढें चेंडू फेंकणाऱ्याला रेषेच्या निदान पांच यार्ड मागें असावें लागे. आतां रेषेच्या मागें कोठूनहि फेंकण्याची मोकळीक मिळाली. धांवण्याचा आव आणून ऐन वेळीं फेंकणें सोपें झालें. या सवडीचा पुरा उपयोग शिकागो बेअर्सचा मालक व शिक्षक जॉर्ज हॅलास यानें करून घेतला. त्याच्या ‘टी’ व्यूहांत क्वार्टरबॅक मधल्या गड्याच्या अगदीं पाठीशीं उभा राही आणि मागें तिघे एका ओळींत. चेंडू हातीं येतांच तो वळे. प्रतिपक्षाला दिसे ती केवळ त्याची पाठ. मागचे तिघे तीन दिशांना सुटत, कधीं त्यांतील एक जण चेंडू निघण्यापूर्वींच आडवा चालूं लागलेला असे. चेंडू यांपैकीं कोणाजवळ आहे? हें कळण्यास क्षणाचा विलंब लागला तरी तेवढ्यांत काम होऊन जाई. म्हणजे एक माणूस अडविण्याच्या कामांतून गेला खरा. परंतु प्रतिपक्षाचे दोघे-तिघे चुकीच्या बाजूस धाडले तर हिशेब फिटून वर नफाच.

८ डिसेंबर १९४० रोजीं वॉशिंग्टन शहरीं अजिंक्यपदाचा सामना झाला. तीनच आठवड्यांपूर्वीं वॉशिंग्टनच्या संघानें बेअर्सना ७-३ असें हरविलें होतें, आणि त्या संघाच्या मालकानें वर्तमानपत्रांतून त्यांना रडवे म्हणून हिणविलें होतें. हॅलासनें हे उद्गार आपल्या गड्यांपुढें ठेवले. व्यूहाची आंखणी करण्यास क्लार्क शॉनेसी हा महाविद्यालयीन शिक्षक साहाय्याला होता, आणि सूत्रधार होता सिड लकमन. निकाल लागला ७३-० असा. इतक्या गुणांचा एकतर्फी विजय त्या लीगमध्यें आजवर दुसरा झालेला नाहीं. अर्थात् सारें श्रेय व्यूहाला देणारे एक गोष्ट विसरतात. बेअर्सनीं त्या दिवशीं वॉशिंग्टनचे आठ पास मधल्यामध्यें झेलले आणि त्यांपैकीं तीन थेट पट्टींत नेले. तो पराक्रम बचावाचा. परंतु जगाला विजेत्याचा व्यूह दिसतो. दहा-बारा वर्षांत लीगमधून सिंगल विंग नाहींसा झाला. तो शेवटीं सोडणारा संघ पिट्सबर्ग स्टीलर्स, १९५२ सालीं.

फसवणुकीच्या अगदीं दुसऱ्या टोकाला ग्रीन बे पॅकर्सचा व्हिन्स लोंबार्डी उभा आहे. धंदेवाईक संघाकडे येण्यापूर्वीं हा गृहस्थ न्यू जर्सींतील एका शाळेंत लॅटिन, रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि त्याच्या पद्धतींत ती शाळा शेवटपर्यंत दिसते. १९५८ सालीं पॅकर्सनीं बारा सामन्यांत एकच जिंकला होता. १९५९ सालीं लोंबार्डी आला आणि त्यानें धडे थोडे ठेवले. पण ते घोटून घोटून घेतले. त्याचा मुख्य डाव म्हणजे ‘स्वीप’. रेषेवरचे दोन भीमकाय गडी आपली जागा सोडून आडवे धांवत, टोकाशीं वळत, आणि चेंडूवाला त्यांच्या मागोमाग जाई. कोणत्या फटींतून शिरावयाचें हें आधीं ठरलेलें नसे. अडविणाऱ्यानें प्रतिपक्षाच्या गड्याला तो ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला रेटीत न्यावें, आणि चेंडूवाल्यानें उघडी दिसेल ती वाट धरावी, एवढीच आज्ञा. हा डाव येणार हें समोरच्यांना ठाऊक असे आणि तरीहि तो थांबवितां येत नसे. जॉन मॅडन, जो पुढें स्वतः नामांकित शिक्षक झाला, सांगत असे कीं, लोंबार्डीचें या एका डावावरील व्याख्यान आठ तास चाललेलें त्यानें ऐकलें होतें. १९६१, ६२, ६५, ६६ आणि ६७ अशीं पांच अजिंक्यपदें त्या लहानशा गांवाच्या संघाला मिळालीं.

परंतु लोंबार्डीची पद्धति उसनी घेण्यासारखी नव्हती. तिला तसे गडी लागत आणि तसा शिक्षक लागे. ज्यांच्याजवळ रेटण्याचें बळ नाहीं त्यांनीं काय करावें?

सिड गिलमन याचें उत्तर होतें : मैदान ताणावें. याच्या वडिलांचीं चित्रपटगृहें होतीं, आणि सामन्यांच्या फिती पुनःपुन्हां पाहून अभ्यास करण्याची संवय त्याला फार लवकर लागली. १९६० पासून चार्जर्स या संघाचा तो शिक्षक होता. त्याचा विचार असा कीं, मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्ड रुंद आहे, तर प्रतिपक्षाला तें सबंध राखावयास लावावें. एकानें सरळ खोल धांवावें, दुसऱ्यानें मध्यम अंतरावर वळावें, तिसऱ्यानें जवळ राहावें. खोल जाणाऱ्याच्या भीतीनें बचाव मागें सरकला कीं जवळची जागा आपोआप रिकामी होते. १९६३ सालीं त्याच्या संघानें बॉस्टनला ५१-१० असें हरवून प्रतिस्पर्धी अमेरिकन लीगचें अजिंक्यपद मिळविलें.

हीच परंपरा डॉन कोरिएल यानें १९७८ नंतर त्याच चार्जर्स संघांत कळसास नेली. त्यांत काळाचेंहि साह्य झालें. त्याच वर्षीं नियम झाला कीं, झेलणाऱ्या गड्याला रेषेपासून पांच यार्डांपलीकडे बचावानें धक्का देऊं नये. कोरिएलच्या पद्धतींत झेलणाऱ्याच्या प्रत्येक वाटेला १ पासून ९ पर्यंत एकेक आंकडा असे. सम आंकडा म्हणजे आंत वळणारी वाट, विषम म्हणजे बाहेर वळणारी, आणि ९ म्हणजे नाकासमोर पळत सुटणें. तीन आंकडे एका श्वासांत उच्चारले कीं तिघांना आपापलें काम कळे. डॅन फाउट्स हा सूत्रधार आणि केलन विन्स्लो, चार्ली जॉइनर यांच्यासारखे झेलणारे मिळाल्यावर १९७८ ते १९८३ अशीं सलग सहा वर्षें पासाच्या यार्डांत या संघाच्या पुढें कोणी गेला नाहीं. मात्र या वैभवाची किंमत होती. खोल धांवणारा खोल पोंचेपर्यंत सूत्रधारानें चेंडू हातांत धरून उभें राहावें लागतें, आणि तेवढ्या अवधींत भीमकाय माणसें त्याच्या अंगावर येऊन कोसळतात. फाउट्सनें हें वर्षानुवर्षें सोसलें. अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलपर्यंत, तो संघ त्या काळांत एकदांहि पोंचला नाहीं.

दुसरें उत्तर एका दुखावलेल्या खांद्यांतून निघालें. १९६९ सालीं सिन्सिनाटी बेंगल्स या नव्या संघाकडे ग्रेग कुक नांवाचा तरुण क्वार्टरबॅक आला. लांब फेंकण्यांत त्याची बरोबरी करणारे थोडे होते. संघाचा संस्थापक व मुख्य शिक्षक पॉल ब्राऊन. हा खेळ वर्गांत, वह्या-पाठांनिशीं शिकविण्याची चाल ज्यानें पाडली तोच. त्याच्या हाताखालीं बिल वॉल्श हा साहाय्यक होता. हंगामाच्या आरंभींच कुकचा खांदा दुखावला. दुखऱ्या खांद्यानें त्यानें तें वर्ष कसेंबसें पुरें केलें आणि त्यानंतर तो जवळजवळ खेळलाच नाहीं. त्याच्या जागीं व्हर्जिल कार्टर आला. हा बुद्धीनें तल्लख, पायानें चपळ. पण दंडांत जोर बेताचा. गिलमनची पद्धति वॉल्शला चांगली अवगत होती. परंतु या हातानें ती चालणार कशी?

वॉल्शनें मैदान लांबीऐवजीं रुंदींत ताणलें. धांवून चार यार्ड मिळवावयाचे, त्याऐवजीं पांच-सहा यार्डांचा आंखूड पास टाकूनच ते कां मिळवूं नयेत? पास आंखूड, पण तो ठराविक क्षणीं, ठराविक जागीं, धांवत्या गड्याच्या पुढ्यांत पडला पाहिजे, म्हणजे तो न थांबतां तसाच पुढें पळेल. सूत्रधारानें मागें तीन पावलें टाकावयाचीं कीं पांच, हें झेलणाऱ्याच्या वाटेशीं मोजून जुळविलेलें असे. संगीतांतील समेवर येण्याचाच हा प्रकार. पहिला गडी मोकळा नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा, हा क्रमहि आधींच ठरलेला. चेंडू लवकर हातांतून सुटत असल्यामुळें सूत्रधाराच्या अंगावरचा मारहि कमी. १९७० सालीं या नव्या संघानें पहिल्या सात सामन्यांपैकीं सहा गमावले आणि उरलेले सातहि जिंकून आपल्या गटांत पहिला क्रमांक पटकाविला. पुढच्या वर्षीं नेमके पोंचलेल्या पासांच्या प्रमाणांत कार्टर सबंध लीगमध्यें अव्वल ठरला. त्याच वर्षीं केन अँडरसन नांवाचा एका लहान महाविद्यालयांतला मुलगा आला, आणि वॉल्शनें त्याला हीच विद्या पावलापावलानें शिकविली.

१९७६ च्या आरंभीं ब्राऊन निवृत्त झाला. ती जागा आपल्याला मिळेल अशी वॉल्शची अपेक्षा होती. ब्राऊननें दुसऱ्याच साहाय्यकाला नेमलें. वॉल्शच्या मनाला हें फार लागलें. त्यानें सिन्सिनाटी सोडलें, एक वर्ष चार्जर्सकडे काढलें—तेथें त्याच्या हाताखालीं होता तरुण डॅन फाउट्स—मग दोन वर्षें स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना शिकविलें, आणि १९७९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सचें शिक्षकपद पत्करलें. पहिल्या वर्षीं सोळांत दोनच विजय. त्याच वर्षीं त्यानें तिसऱ्या फेरींत जो मोंटाना याची निवड केली होती.

१० जानेवारी १९८२ हा दिवस या दोन पद्धतींच्या तुलनेसाठीं जणूं कोणी मुद्दाम नेमला होता. त्या दिवशीं उपांत्य सामने दोन झाले. सिन्सिनाटींत पारा फॅरनहाइटच्या शून्याखालीं नऊ अंशांवर होता, वारा अंग कापीत होता, आणि कोरिएलचे चार्जर्स बेंगल्सशीं लढत होते. आठच दिवसांपूर्वीं मियामीच्या उकाड्यांत त्यांनीं ४१-३८ असा विलक्षण विजय मिळविला होता. पण गोठलेल्या बोटांनीं, असल्या वाऱ्यांत लांब पास जात नाहींत. बेंगल्स २७-७ असे जिंकले. दोन्ही सूत्रधार, फाउट्स आणि अँडरसन, कधीं ना कधीं वॉल्शचे विद्यार्थी होते. त्याच दिवशीं दूर सॅन फ्रान्सिस्कोमध्यें ५१ सेकंद शिल्लक असतां मोंटानानें धांवतां धांवतां उंच फेंकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कनें उडी मारून बोटांच्या टोकांवर झेलला आणि डॅलसविरुद्ध २८-२७ असा निकाल फिरविला.

म्हणजे सुपर बोलमध्यें वॉल्शची गांठ पडली ती बेंगल्सशीं, आणि त्या संघाचा कर्ताधर्ता होता पॉल ब्राऊन. २४ जानेवारी रोजीं मध्यंतराला फोर्टीनाइनर्स २०-० असे पुढें होते. शेवटीं २६-२१ असे जिंकले. येथेंहि चढाईचे गोडवे गाणाऱ्यांनीं जरा थांबावें. बेंगल्सनीं त्या दिवशीं ३५६ यार्ड कमावले, फोर्टीनाइनर्सनीं २७५. सामना वांचला तो तिसऱ्या चतुर्थांशांत, जेव्हां बेंगल्स पट्टीपासून तीन यार्डांवर आले आणि चार खेपांतहि त्यांना आंत शिरतां आलें नाहीं. सात वर्षांनीं, २२ जानेवारी १९८९ रोजीं, तीच जोडी पुन्हां समोरासमोर आली. त्या वेळीं बेंगल्सचा शिक्षक होता सॅम वाइच, हाहि एके काळचा वॉल्शचाच साहाय्यक. फोर्टीनाइनर्स तीन गुणांनीं मागें, सबंध ९२ यार्ड जावयाचे, वेळ तीन मिनिटांहून थोडा अधिक. आंखूड, बहुतेक नेमके असे पास टाकीत मोंटानानें संघ नेला आणि ३४ सेकंद उरले असतां जॉन टेलरच्या हातीं चेंडू दिला : २०-१६. थोड्याच दिवसांत वॉल्शनें ती जागा सोडली.

वॉल्शच्या या पद्धतीला लोक ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणतात. मौज अशी कीं, हें नांव वस्तुतः गिलमन-कोरिएल परंपरेला उद्देशून वापरलें गेलें होतें. वर्तमानपत्रांच्या घोटाळ्यानें तें वॉल्शच्या गळ्यांत पडलें, आणि त्याला स्वतःला तें रुचत नसे. वर सांगितल्याप्रमाणें ही पद्धति उपजली ओहायोंत, पश्चिम किनाऱ्यापासून कोसोगणती दूर.

पद्धतींतला एक भेद प्रेक्षकाला दिसत नाहीं, पण गड्याला तो सर्वांत जाचतो. तो भाषेचा. कोरिएलचे आंकडे आटोपशीर. वॉल्शच्या पद्धतींत प्रत्येक गड्याचें काम शब्दानें सांगितलेलें, त्यामुळें एकेका डावाचें नांव दहा-बारा शब्दांचें होऊन बसतें आणि सूत्रधाराला तें पाठ म्हणावें लागतें. तिसरी एक भाषा रॉन एरहार्ट आणि रे पर्किन्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांत न्यू इंग्लंडच्या संघांत घडविली. तींत एक शब्द म्हणजे सबंध कल्पना. कोण कोठें उभा आहे याला महत्त्व नाहीं. डाव्या टोकाला उभा असेल त्यानें त्या टोकाचें काम करावें, मग तो गडी कोणीहि असो. शिकावयास ही भाषा प्रथम जड जाते, कारण प्रत्येकाला सगळ्यांचीं कामें ठाऊक असावीं लागतात. पण एकदां आत्मसात् झाली कीं गोळा होऊन कुजबुजण्याची गरज उरत नाहीं. टॉम ब्रेडीनें न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल जिंकून दिले ते याच भाषेंत.

‘रन अँड शूट’ या पद्धतीचा उल्लेख येथें केला पाहिजे, कारण तिनें प्रत्येक गड्याला डाव चालूं असतां विचार करावयास लावलें. चार झेलणारे पसरून उभे. समोरचा बचाव कसा हलतो हें पाहून त्यांनीं धांवतां धांवतां वाट बदलावयाची आणि सूत्रधारानेंहि तेंच त्याच क्षणीं ओळखावयाचें. ह्यूस्टनच्या संघांत वॉरन मून हा काम उत्तम करी. हा कृष्णवर्णी. १९७८ सालीं महाविद्यालयांतून बाहेर पडला तेव्हां लीगमधील एकाहि संघानें त्याची निवड केली नाहीं. कृष्णवर्णी माणसानें धांवावें, झेलावें. सूत्रधाराचें डोकें त्याला नाहीं, असा त्या काळचा समज. मून कॅनडांत गेला, तेथें लागोपाठ पांच अजिंक्यपदें मिळवून १९८४ सालीं परतला. ३ जानेवारी १९९३ रोजीं बफेलोविरुद्ध त्याचा संघ ३५-३ असा पुढें असूनहि जादा वेळांत ४१-३८ असा हरला. सावकाश धांवून वेळ काढणें या पद्धतीला जमत नाहीं, असा ठपका तिच्यावर बसला, आणि लवकरच ती लीगमधून मागें पडली. ठपका सर्वस्वी न्याय्य होता असें नाहीं. ३५ गुण दिले ते बचावानें. पण दोष चढाईच्या माथीं मारणें लोकांना सोपें गेलें.

त्या जुन्या अंकगणिताचें मात्र विस्मरण झालें नव्हतें. २००७ सालीं मियामीच्या डॉल्फिन्सनीं सोळांतला एकच सामना जिंकला होता. २१ सप्टेंबर २००८ रोजीं त्यांची गांठ न्यू इंग्लंडशीं होती, आणि न्यू इंग्लंडनें साखळींतले सलग २१ सामने जिंकले होते. मियामीनें अधूनमधून आपल्या क्वार्टरबॅकला टोकाला नेऊन उभें केलें आणि चेंडू थेट रॉनी ब्राऊन या धांवणाऱ्या गड्याकडे दिला. समोरच्यांची भंबेरी उडाली. ब्राऊननें चार वेळां स्वतः पट्टी गांठली, पांचव्यांदां पास टाकून गुण मिळविले, आणि निकाल ३८-१३ लागला. लोकांनीं याला ‘वाइल्डकॅट’ असें नवें नांव दिलें. जाणत्यांनीं ओळखलें कीं, हा पॉप वॉर्नरचा सिंगल विंगच, जवळजवळ शंभर वर्षांनीं परत आलेला.

त्याहून सूक्ष्म तोड म्हणजे प्रतिपक्षाच्या एका गड्याला मुद्दाम अडवावयाचेंच नाहीं, ही. सूत्रधार चेंडू धांवणाऱ्याच्या पोटाशीं धरतो आणि त्या मोकळ्या गड्याकडे पाहतो. तो धांवणाऱ्यावर झेपावला तर सूत्रधार चेंडू काढून घेऊन स्वतः पळतो. तो जागीं थांबला तर चेंडू देऊन टाकतो. त्या बिचाऱ्यानें कांहींहि केलें तरी तें चूकच ठरतें. अंगानें अडविण्याऐवजीं त्याला नुसत्या नजरेनें अडविलें, आणि हरवलेला अकरावा माणूस हिशेबांत परत आला. बाल्टिमोरच्या रेव्हन्सनीं २०१९ सालीं लमार जॅक्सन या सूत्रधाराच्या बळावर नुसत्या धांवण्यानें ३,२९६ यार्ड कमावले. लीगचा तो विक्रम होता. त्यांतले १,२०६ एकट्या जॅक्सनचे. हाहि कृष्णवर्णी, आणि यालाहि दोनच वर्षांपूर्वीं कांहीं जाणकारांनीं सुचविलें होतें कीं, त्यानें सूत्रधार होण्याचा नाद सोडून चेंडू झेलावा! त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची एकमतानें निवड झाली. परंतु सोळांत चौदा सामने जिंकणारा तो संघ ११ जानेवारी २०२० रोजीं टेनेसीकडून २८-१२ असा हरला. प्रारंभींच मागें पडल्यावर धांवून भरून काढण्यास वेळ पुरत नाहीं, ही या पद्धतीची लंगडी बाजू त्या दिवशीं उघडी पडली.

त्यानंतर तीन आठवड्यांनीं, २ फेब्रुवारी रोजीं, मियामींत सुपर बोल झाला. एका बाजूला कॅन्सस सिटीचा अँडी रीड. हा माइक होमग्रेनचा शिष्य, आणि होमग्रेन वॉल्शचा. दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा काइल शॅनहन. याचे वडील त्याच सॅन फ्रान्सिस्कोमध्यें एके काळीं चढाईचे शिक्षक होते. दोन्ही घराणीं एकाच मुळाचीं. सामना संपण्यास सुमारें सात मिनिटें राहिलीं असतां कॅन्सस सिटी २०-१० अशी मागें होती. तिसरी खेप आणि जावयाचे १५ यार्ड. आंखूड पासाचें तेथें कामच नव्हतें. पॅट्रिक महोम्स चेंडू घेऊन मागें, आणखी मागें सरकत गेला, अंगावर येणाऱ्यांकडे न पाहतां खोल धांवत सुटलेला टायरिक हिल वळेपर्यंत थांबला, आणि त्यानें जो चेंडू फेंकला तो ४४ यार्डांचा लाभ देऊन गेला. वॉल्शच्या घराण्यांतील मुलानें ऐन प्रसंगीं काढलें तें गिलमनचें अस्त्र. कॅन्सस सिटीनें तो सामना ३१-२० असा जिंकला.